व्हिक्टरच्या राज्यातले वाजवणारे

व्हिक्टर परेराच्या राज्यात राजाला नाव नव्हतं. प्रधानाला नव्हतं, सेनापतीला नव्हतं. ढोल बडवणाऱ्या फाटक्या माणसाला मात्र नाव होतं, आणि मानही राजाच्या वरचा.

हे राज्य बोरीवलीच्या गावठाणात, व्हिक्टरच्या पडवीत भरायचं. तेव्हा टीव्हीवरचा सिनेमा रविवारी संध्याकाळी असे, त्यामुळे दुपार मोकळी. बोटीवर नोकरीला असलेल्या त्याच्या मावसभावाने परदेशातून एक खेळ आणला होता. चित्रविचित्र आकाराचे फासे टाकायचे आणि प्रत्येकाने कुणीतरी व्हायचं. देसाई तलवारबहाद्दर झाला, मी चेटक्या. आम्ही तिघेही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांच्या शिव्या खाणारे, त्यामुळे दुसरं कुणीतरी होण्याची आम्हाला फार निकड होती. व्हिक्टर मात्र कुणीच झाला नाही. तो राज्य सांभाळायचा, म्हणजे पुढे काय घडतं ते सांगायचा. आणि काहीही घडायच्या आधी चष्मा कपाळावर सरकवून विचारायचा, "वाजवणार कोण?"

त्याच्या राज्यात वाजवणाऱ्याचं नाव आईबाप ठेवत नसत. ज्यांच्यासाठी तो पहिल्यांदा वाजवी, ते लोक ठेवत. पोर जन्मलं की वाजवणारा तो जागवा, लग्नातला मिरवणा, मयताला वाजवणारा पोचवा. खरी डोकेदुखी म्हणजे थांबवा. हा दोन सैन्यांच्या मधोमध ढोल घेऊन बसायचा, आणि त्याचा हात चालू आहे तोवर कुणी वार करायचा नाही. एका रविवारी आमचा चहा होऊन गेला तरी हा गृहस्थ वाजवतच होता.

"अरे यार, माझी तलवार गंजली," देसाई वैतागला.

"गंजू दे. तो दमला की लढ ना."

तो दमला नाही. सैन्यं आपापल्या घरी जेवायला गेली.

पडवीच्या टोकाला आरामखुर्चीत व्हिक्टरचे डॅडी भिंतीकडे तोंड करून बसलेले असत. उभा जन्म त्यांनी गावच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवलं. बोरीवलीपासून मनोरीपर्यंत त्यांच्याशिवाय वरात निघत नसे की मयत उठत नसे. मग पुढचे दात पडले आणि फुंक गेली. कवळी बसवली, तर कॉर्नेट लावल्याबरोबर तीच हलायची. तेव्हापासून त्यांनी लग्नाकार्याला जाणं सोडलं आणि बोलणंही. व्हिक्टरने डॉक्टर केले, फादरना बोलावलं, जुन्या बँडवाल्यांना जेवू घातलं. डॅडी खुर्ची वळवेनात. "निदान शिवी तरी द्यावी रे त्याने," एवढंच व्हिक्टर एकदा कँटीनमध्ये मला म्हणाला.

एका रविवारी देसाईचा तलवारबहाद्दर एकदाचा मेला. देसाईला उरकून नवा घ्यायचा होता. चष्मा कपाळावर गेला.

"वाजवणार कोण? इथला पोचवा मागच्या साथीत गेला. वाजवल्याशिवाय मयत उचलत नाहीत."

"मग मी काय असाच पडून राहू?"

"राहा."

देसाईची कीव येऊन मी म्हटलं, माझा चेटक्या वाजवेल. आणि टेबलावर बोटांनी ठेका धरला. तो जरा उडताच निघाला.

"मयत हाय ना ती?" भिंतीकडून आवाज आला. "धावतो कशाला? खांदेकऱ्यांचे पाय बघ."

व्हिक्टरने मान वळवली नाही. फासे मुठीत घट्ट धरून तो म्हणाला, "मग तू वाजव ना, डॅडी."

"दात कुठं हायत माझे?"

"इथे दात लागत नाहीत."

मग आरामखुर्ची फरशीवर करकरत वळली. डॅडींनी डोळे मिटले. खुर्चीच्या हातावर त्यांची तीन बोटं कॉर्नेटच्या चाव्या दाबल्यासारखी वरखाली होऊ लागली, आणि बोळक्या तोंडातून एक संथ, फुटका सूर निघाला. देसाई स्वतः मेलेला असूनही उठून उभा राहिला. मीही राहिलो. व्हिक्टर तेवढा बसून चष्मा पुसत होता, आणि तो काही केल्या पुसून होईना. एवढं सगळं राज्य त्याने कुणासाठी वसवलं होतं ते मला तेव्हा कळलं, आणि त्या वेड्याची फार माया आली.

सूर थांबल्यावर देसाई म्हणाला, "यांचं नाव पोचवा." नियमाप्रमाणे तो हक्क त्याचाच होता.

डॅडींनी मान डोलावली. थोडा दम खाऊन त्यांनी विचारलं, "पुढच्या रविवारी कोण मरतोय?"

"मीच, अंकल," देसाई म्हणाला.