मोकळी जागा पाहणी समिती

"सर, ह्या कॉम्प्युटरमध्ये जागा किती शिल्लक हाय?"

दहावीतल्या सृष्टीनं हे भर वर्गात विचारलं, कारण मैत्रिणींनी तशी पैजच घातली होती. पण गरजही खरी होती. उसाच्या पाचटाचं खत कसं करायचं, याचा तिनं महिनाभर खपून केलेला व्हिडिओ शाळेच्या एकुलत्या एका कॉम्प्युटरवर होता. शेवटचा तुकडा जोडून तो शुक्रवारी शिरूरच्या विज्ञान प्रदर्शनाला धाडायचा होता.

ज्योतिबा सरांनी चष्मा पुसला. "हा प्रश्न माझ्या अधिकारात बसत न्हाई."

"सर, दोन क्लिकमध्ये दिसतंय की!"

"दिसणं निराळं, पोरी. अधिकृत दिसणं निराळं."

प्रश्न मुख्याध्यापकांकडे गेला, तिथून संस्थेचे अध्यक्ष आप्पांकडे. आप्पांनी तातडीनं 'मोकळी जागा पाहणी समिती' नेमली. समिती म्हटली की उद्घाटन आलंच. माउसला हार घातला, मॉनिटरसमोर नारळ फुटला, आप्पांच्या शुभहस्ते क्लिक झालं. फोटो निघाले. एकात खजिनदारांचे डोळे मिटले, एकात उपाध्यक्ष अर्धेच आले, म्हणून पुन्हा निघाले. सगळे त्याच कॉम्प्युटरवर जपून ठेवण्यात आले.

मग पाहणी झाली. निष्कर्ष असा: उद्घाटनापूर्वी जागा पुरेशी होती, आता अजिबात नाही. सबब पाहणी यशस्वी.

"मग फोटो काढून टाका की," सृष्टी म्हणाली.

सर दचकले. "आप्पांना काढून टाकायचं? डोकं ठिकाणावर हाय का?"

शोधाशोध केल्यावर एकही पदाधिकारी नसलेली फाइल एकच सापडली. पाचटाची. ती काढून टाकली. मात्र सृष्टीवर अन्याय नको, म्हणून 'मूलभूत प्रश्न विचारल्याबद्दल' शाल-श्रीफळ देऊन तिचा सत्कार झाला. त्याचे फोटो रिकाम्या जागेत बरोब्बर बसले.

संध्याकाळी ती घरी आली, तर आईचा आणि वडलांचा, म्हणजे दादांचा, मोबाइल नुसता किणकिणत होता. सत्काराचा फोटो दोघांच्याही स्टेटसला झळकत होता. केडगावच्या मामापासून शिक्रापूरच्या भाडेकरूंपर्यंत झाडून सगळ्यांनी अभिनंदन केलं होतं.

"कवापासनं थांबंनाच!" दादा फुलून म्हणाले. "मामा म्हणतोय, पोरीनं नाव काढलं."

सृष्टीनं शाल खुर्चीवर टाकली आणि कमरेवर हात ठेवले.

"आई, दादा, मी ठरवलंय. प्रदर्शन हुकलं तर हुकलं, पाचटाचा व्हिडिओ पहिल्यापासनं करणार. तुमच्या मोबाइलवर. त्यासाठी त्यातली 'शुभ सकाळ'ची समदी फुलं आत्ता उडवणार. आन् ज्यांनी ज्यांनी अभिनंदन धाडलंय ना, त्यांना एकच उत्तर धाडणार: कशाबद्दल?"