नामाभाऊंच्या गाडीचा वास

कर्जतजवळच्या आमच्या भिसेगावात नामाभाऊंकडे चहा प्यायचा तर आधी त्यांच्या गाडीत डोकं घालून वास घ्यावा लागतो. माणूस कोणीही असो. सिलिंडरवाला आला, घ्या वास. वर्गणी मागायला मंडळाची मुलं आली, घ्या वास. "माझ्या नाकाला रोजची सवय झालीय," भाऊ म्हणतात. "ताजं नाक पायजे." मी भिंतीला भिंत लावून राहणारी शेजारीण, त्यातून शिक्षिका, त्यामुळे माझ्या नाकाला जरा जास्त मान आहे.

गाडी म्हणजे जुनी व्हॅन. भाऊ तिच्यातून शाळेची मुलं ने-आण करायचे. काम सोडलं तेव्हा त्यांनी ती विकली नाही. आतल्या सीटा काढल्या, प्लायवूड ठोकलं, पलंग केला, खाली कप्पे, वर स्पंजची गादी, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. अशी चाकांवरची खोली तयार झाली आणि पावसाळा आला. कर्जतचा पावसाळा कपाटातल्या चपलांना सोडत नाही, तिथे प्लायवूडचं काय घेऊन बसलात. पडद्यांवर काळे ठिपके, गादीखाली पांढरी लव.

तेव्हापासून भाऊ आणि बुरशी यांचं वैर. व्हिनेगर झालं, सोडा झाला, कडुलिंबाची धुरी झाली. "ती झोपत नाय, ताई," ते सांगायचे. "आपण झोपलो की ती उठती."

एकदा पुतण्याचा मोबाइल पाण्यात पडला. तो तांदळाच्या डब्यात ठेवला आणि सुरू झाला. भाऊंनी हे फारच मनावर घेतलं. पण गाडीभर तांदूळ कोण घालणार? बियाण्याचं भात उरलं होतं, ते गोणपाटात भरून त्यांनी पलंगाखाली रचलं. भातानेही काम इमानाने केलं, सगळी ओल पिऊन टाकली. काही दिवसांनी पाहिलं तर गोणपाटातून कोंब बाहेर. "लावणीला कधी येऊ?" असं सगळ्या आळीने त्यांना विचारून घेतलं. भाऊ हसले नाहीत. कोंब चिमटीत धरून मला म्हणाले, "बी मात्र चांगलं हाय."

हे वेड कशासाठी, ते मी शेवटी सुमनवहिनींना विचारलं. भाऊंची बायको कमी बोलते. दम्यामुळे बोलण्याचीही काटकसर.

"एकदाच अलिबागला गेलतो गं," त्या म्हणाल्या. "लॉजची गादी कुबट. रातभर छातीत शिट्टी वाजत होती, मी नुसती बसून. समुद्र तसाच ऱ्हायला. तवापासून हे म्हणतात, आपण आपली खोलीच घेऊन जाऊ."

त्या दिवसापासून मी वास मन लावून घ्यायला लागले.

दिवाळीनंतर कडक उन्हं पडली. माझ्या नाकाने हिरवा कंदील दिला आणि दोघं निघाली. वहिनी मागे पलंगावर, खिडकीतून हात हलवत. दुपारच्या आत गाडी परत दारात.

"इंजिन तापलं," भाऊ म्हणाले आणि घरात गेले.

वहिनी मागे रेंगाळल्या. "इंजिनाला काय नाय झालं. चौक गाव आलं तसा मला खोकला आला. पदरात दाबून धरला, तर ह्यांनी आरशात पायलं. गाडी वळवली." मग म्हणाल्या, "त्यांना सांगू नको गं, मी सांगितलं म्हणून." मला माझ्या नाकाचा फार राग आला.

दुसऱ्या दिवशी भाऊ पहार घेऊन गाडीत शिरले. हाताने पॉलिश केलेल्या फळ्या, कप्पे, गादी, पडदे, सगळं अंगणात येऊन पडलं. मी म्हटलं, "भाऊ, अहो एवढ्या हौसेनं केलेली खोली."

"लाकूड नि स्पंज हाय तवर बुरशी ऱ्हाणार," ते म्हणाले. "हौस माझी होती ना. हिला कुठं पडदे पायजे होते?"

उरला नुसता पत्रा. तो घासून त्यांनी रंग दिला, रंगाचा वास जाईपर्यंत दारं उघडी ठेवली. मग आत एक लोखंडी खाट आणि उन्हात तापवलेली गोधडी. खोलीची शोभा पार गेली होती. दोघं पुन्हा निघाली आणि त्या दिवशी परत आली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवला होता, तेव्हा फोन आला. भाऊ अगदी हळू बोलत होते.

"ताई, आज नाकाचं काम नाय. कान लावा."

मला वाटलं, समुद्र ऐकवतायत. तो होताच, लांब कुठेतरी. पण फोन त्यांनी वहिनींच्या उशाशी धरला होता. गाढ झोपलेल्या बाईचा श्वास येत होता, जात होता, सावकाश.

"शिट्टी हाय का?" भाऊंनी विचारलं. "माझ्या कानाला रोजची सवय. तुमी सांगा."

मी पुन्हा ऐकलं. नीट ऐकलं.

"नाही भाऊ. शिट्टी नाही."

पलीकडून तो श्वास तसाच ऐकू येत राहिला. चहा उतू गेला, तरी मी फोन ठेवला नाही.