लूक अ‍ॅट, लूक इन्टू आणि रोहिदासचा हात

यंत्र बिघडले तर दुरुस्त करता येते. त्याविषयीचे इंग्रजी बिघडले तर मात्र संपूर्ण संस्थेची प्रतिष्ठा धोक्यात येते. चाकणच्या आमच्या कारखान्याने हे वेळेवर ओळखले, ही अभिमानाची बाब आहे.

पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर काम करणारा रोहिदास मूळचा बीडकडचा. हात आत असेल तर प्रेस थांबवायची, हे सेन्सरचे काम. तो सेन्सर मधूनच ते विसरू लागला, तेव्हा रोहिदासने लेखी तक्रार केली. व्यवस्थापक प्रज्वल सरांचे त्याच दिवशी उत्तर आले : "वुई आर लुकिंग इन्टू इट." तीन आठवड्यांनी स्मरणपत्र गेले. उत्तर : "वुई हॅव लुक्ड अ‍ॅट इट."

रोहिदास केबिनमध्ये गेला. "सायेब, अ‍ॅट आन् इन्टूत फरक काय?"

कामगाराने इतका मूलभूत प्रश्न विचारावा, याने व्यवस्थापन भारावले. एचआरच्या निशिगंधा मॅडमनी तातडीने दोन दिवसांचे प्रशिक्षण ठेवले (वडापाव व प्रमाणपत्रासह). त्यात असे ठरले की 'लूक अ‍ॅट' म्हणजे लांबून बघणे, 'लूक इन्टू' म्हणजे बघायला समिती नेमणे आणि 'लूक आफ्टर' म्हणजे काळजी घेणे (हा प्रयोग आमच्याकडे आढळत नाही). ब्याण्णव टक्के कामगारांना फरक समजला. उरलेले आठ टक्के प्रेसवर होते.

त्यांत रोहिदास होता. प्रशिक्षणाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी प्रेस खाली आली आणि त्याचा हातमोजा घेऊन गेली. हात त्याने कसाबसा ओढून घेतला.

यावर समितीत तासभर चर्चा झाली. 'अ‍ॅक्सिडेंट' म्हणावे, तर हात शाबूत. 'इन्सिडेंट' म्हणावे, तर मोजा कंपनीचा. शेवटी 'नियर मिस' मंजूर झाले. किती नियर, हे रोहिदासच्या बोटांना ठाऊक होते. पण बोटे समितीवर नव्हती.

रोहिदासने फ्यूज काढला, खिशात घातला आणि स्टुलावर बसला. सर धावत आले.

"अरे, लाइन बंद पडली! फ्यूज दे!"

"देतो की. सध्या मीबी इन्टूच बघायलोय."

दीड तासात भोसरीहून नवा सेन्सर आला (चाकण चौकातली गर्दी धरून). संध्याकाळी रोहिदासला दोन कागद मिळाले. 'वुई अ‍ॅप्रिशिएट युअर कन्सर्न', हे अभिनंदनपत्र. 'वुई आर कन्सर्न्ड', ही कारणे दाखवा नोटीस.

त्याने सोबत्यांना विचारले, "केबिनला संगं येता का, राव?" आता सगळेच प्रशिक्षित होते. "भावा, वुई आर बिहाइंड यू," ते एका सुरात म्हणाले. एकाच्या तोंडून 'विथ यू' निघून गेले, त्याला जागीच दुरुस्त करण्यात आले. या 'बिहाइंड'चे अंतर केबिनपासून कॅन्टीनच्या दारापर्यंत भरले.

रोहिदास एकटाच आत गेला. नोटीस रद्द झाली नाही, 'होल्ड'वर गेली. तो आजही त्याच प्रेसवर आहे, दहाही बोटांसह.

वाचकहो, तुम्हीही रोहिदासच्याच बाजूचे, यात शंका नाही. फक्त आत्ता तुम्ही हसलात, तो आवाज कॅन्टीनच्या दाराकडून आला.