डर्कस्तोत्र

आमच्या काउंटीत लोकशाही अजून धुगधुगी धरून असेल, तर त्याचं श्रेय कुणाचं हे मी सांगणं बरं दिसत नाही. दुसरं कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. माझं.

मी ऑर्विल स्टेन्सरुड, निवृत्त नागरिकशास्त्र शिक्षक. एकोणीस वर्षं 'टॅमरॅक फॉल्स समाचार'मध्ये दर गुरुवारी 'स्पष्टच सांगतो' हे सदर लिहितोय. नऊशे शब्द. संपादक मार्व्ह फारच गयावया करायला लागला तर आठशे ऐंशी.

विस्कॉन्सिनात थंडी संपता संपता काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, निवडणुका येतात. त्या वर्षी अध्यक्षपदाला डर्क स्टॉलमन उभा राहिला. डर्कचा धंदा कुंपणं विकण्याचा, आणि त्याच्या मते काउंटीची सगळी दुखणी कुंपणानं बरी होणारी होती. गोठ्यांवर राबणारे मेक्सिकन कामगार, वाचनालयातली पुस्तकं, बाहेर शिकून आलेली माणसं, आमचं साप्ताहिक, सगळं कुंपणाबाहेर. आत राहणार ती 'खरी माणसं'. खरं कोण, ते डर्क ठरवणार. देशभर तेव्हा हेच वारं सुटलं होतं, आमच्याकडे ते शेणाच्या वासासकट आलं इतकंच.

मी डर्कला दहावीत नागरिकशास्त्रात नापास केलं होतं. त्यामुळे त्याचा समाचार घ्यायला माझ्याइतका लायक माणूस नव्हता. मी ठरवलं, सहा लेख लिहायचे. सहाव्या लेखाला डर्क अर्ज मागे घेईल असा माझा अंदाज होता.

दुसरा लेख छापून आला त्या गुरुवारी मी कॉफी प्यायला गावातल्या हॉटेलात गेलो. आत हशा चालला होता. कुणीतरी 'समाचार' मोठ्यानं वाचत होतं. मी दारातच थांबलो, चेहरा नम्र केला. पण वाचणारा माझ्या लेखाच्या खालची चौकट वाचत होता.

'डर्क म्हणतो, परके नकोत, गाव आपलं, आपण राहू.
गाई म्हणाल्या, बरंय दादा, पहाटे चारला ये, वाट पाहू.'

खाली नाव होतं, व्हर्ना क्लिंक.

ही व्हर्ना क्लिंक म्हणजे एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई. वय चौऱ्याहत्तर. तिनं याआधी लिहिलेलं सर्वात मोठं साहित्य म्हणजे बसमध्ये चिकटवलेली 'च्युइंगम थुंकू नये' ही पाटी. आणि आता सगळं हॉटेल तिच्या दोन ओळी पाठ म्हणत होतं.

"ऑर्विल, वाचलंस का?" काउंटरमागून विचारणा झाली.

"वरचा लेखही बरा आहे," मी म्हटलं.

"वर लेख होता?"

घरी आलो तर आर्लीननं, माझ्या सख्ख्या बायकोनं, ते कात्रण फ्रीजवर लावलं होतं. मधोमध. त्यासाठी तिनं दाताच्या डॉक्टरांचं कार्ड बाजूला सरकवलं होतं.

"एकोणीस वर्षांत माझं एकही कात्रण तिथे लागलं नाही," मी म्हटलं.

"तुझं लावलं तर फ्रीज उघडता येणार नाही, ऑर्विल."

पुढच्या गुरुवारी व्हर्नाबाईंच्या पुन्हा दोन ओळी.

'पुस्तकं वाईट, डर्क ओरडे, काढून टाका फळीवरून.
वाचलंस कुठलं? विचारल्यावर निघून गेला मागल्या दारून.'

मी 'दारातून' आणि 'दारून' यांच्या व्याकरणाबद्दल मार्व्हला फोन केला. तो म्हणाला की अंक दुपारीच संपला, असं याआधी फक्त गावचा पूल कोसळला तेव्हा झालं होतं. मी फोन ठेवला. मग मी हेवा या शब्दाला शब्दकोशात दुसरा सभ्य शब्द शोधला. नव्हता.

तेव्हा मी ठरवलं, कविताच हवी ना, घ्या. पण बसवाल्या बाईसारखी उघडीवाघडी थट्टा नाही. वरून स्तुती आणि आतून सुरी. तीन दिवस दार लावून बसलो आणि हे स्तोत्र सिद्ध झालं.

'धन्य डर्का, थोर डर्का, तूच आमचा तारणहार,
तुझ्यावाचून घालील कोण गावाभोवती काटेरी तार?
शंका नको, प्रश्न नको, डोक्याला या नको भार,
तू बोलावं, आम्ही डोलावं, हाच आमचा कारभार.'

मार्व्हनं दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

"ऑर्विल, यात थट्टा कुठाय?"

"सगळीकडे आहे."

"लोकांना कळेल?"

"ज्यांची पात्रता आहे त्यांना कळेल. आणि हे बघ, हे पहिल्या पानावर, माझ्या फोटोसकट. व्हर्नाबाईंचं आत कुठेतरी टाक."

गुरुवारी अंक निघाला. शुक्रवारी सकाळी फोन वाजला.

"सर, डर्क बोलतोय." त्याचा आवाज भरून आला होता. "तुम्ही मला नापास केलंत तेव्हा मी मनात डूख धरला होता. आज सगळं धुऊन निघालं बघा. बायको रडली, सर."

"डर्क, अरे, ती कविता..."

"काही बोलू नका. मोठी माणसं मोठीच असतात." आणि त्यानं फोन ठेवला.

सोमवारपर्यंत बर्फातून डर्कच्या प्रचाराच्या पाट्या उगवल्या. लाल पाटीवर पांढरी अक्षरं, 'शंका नको, प्रश्न नको', आणि खाली माझं नाव, 'सर' लावून. मंगळवारी गावच्या पोल्का नाचाच्या बँडनं त्याला चाल लावली. ॲकॉर्डियनवर 'धन्य डर्का, थोर डर्का' इतकं फक्कड बसत होतं की ट्रॅक्टरवर बसलेली माणसं मान हलवत जात होती.

आता इथे मला एक कबुली द्यावी लागेल. मी त्याच दिवशी खुलासा करायला हवा होता. मी केला नाही. मी गाडी काढून पाट्या मोजल्या. व्हर्नाबाईंच्या गाईवाल्या ओळींचे स्टिकर मला अडतीस गाड्यांवर दिसले होते. माझ्या पाट्या एकेचाळीस भरल्या. त्या आनंदात मी घरी येताना अर्धा तास एक हात स्टिअरिंगवर आपटत ताल धरला होता. जन्मात पहिल्यांदा माझ्या ओळी लोकांच्या तोंडी होत्या. कुणाच्या तोंडी, हा प्रश्न मी उद्यावर ढकलला.

तो उद्या मंगळवारीच संध्याकाळी पाचला उगवला. दर मंगळवारी वाचनालयाच्या तळघरात मी नागरिकत्वाच्या परीक्षेचा वर्ग घेतो. गोठ्यांवरची, चीजच्या कारखान्यातली अकरा माणसं येतात. त्या दिवशी अकरा खुर्च्या रिकाम्या. सव्वापाचला एकटा रामिरो आला. लुंडच्या गोठ्यावर एकशे चाळीस गाई सांभाळतो तो. मागच्याच महिन्यात त्यानं मला सिनेटरांची संख्या न चुकता सांगितली होती. त्यानं टोपी काढली आणि सरावाचं पुस्तक टेबलावर ठेवलं.

"परत द्यायला आलो, सर."

"रामिरो, ती थट्टा होती रे."

"आम्हालाही तसंच वाटलं. सर असं लिहिणार नाहीत, म्हटलं. म्हणून सगळ्यांनी मिळून पुन्हा वाचलं." त्यानं खिशातून चुरगळलेला अंक काढून माझ्यासमोर पसरला. "कुठल्या ओळीवर हसायचं ते दाखवा. मी बाकीच्यांना जाऊन सांगतो."

मी चारही ओळी वाचल्या. मग खालून वर वाचल्या. तो उभाच होता, घाईत नव्हता, रागावलाही नव्हता. ते फार वाईट होतं. मला एक ओळ दाखवता आली नाही.

"काटेरी तारेची ओळ डर्कच्या माणसांनी आमच्या घरांकडे बोट दाखवून म्हटलीय, सर," तो म्हणाला आणि गेला.

मी घरी येऊन दोन हजार शब्दांचा खुलासा लिहिला, त्यात व्याजस्तुतीचा इतिहास दिला. मार्व्हनं त्याला मथळा दिला, 'मी डर्कवर का लिहिलं'. डर्कच्या माणसांनी फक्त मथळा वाचला आणि त्याचीही पाटी केली.

"आता तोंडानं सांग," आर्लीन म्हणाली. "सगळ्यांसमोर. कागद न घेता."

शनिवारी दुपारी डर्कची मोठी सभा होती, जत्रेच्या मैदानावरच्या गुरांच्या शेडमध्ये. त्यानं मला बोलावलंच होतं, स्तोत्र म्हणायला. मी गेलो. चारशे माणसं होती. डर्कनं मला हाताला धरून वर नेलं आणि "हे माझे गुरू" अशी ओळख करून दिली. मी माईक घेतला. मी म्हटलं, "मित्रांनो, धन्य डर्का असं मी लिहिलं, पण..."

त्या 'पण'वर मी दम घ्यायला थांबलो. तिथे थांबायला नको होतं. पोल्का बँडला वाटलं की ही खूण आहे. ॲकॉर्डियन सुटलं, मागून ट्यूबाचा भोंगा सुटला, चारशे माणसं उभी राहून गायला लागली. मी ओरडत होतो, "हे खोटं आहे, हा माणूस तुम्हाला फसवतोय," आणि डर्क माझ्या खांद्यावर हात टाकून तालावर झुलत होता. पुढच्या गुरुवारी फोटो आला. डर्क, मी, माझा हात वर, तोंड आ वासलेलं. खाली लिहिलं होतं, 'गुरुशिष्य गाण्यात दंग'.

तो फोटो बघून मी जे केलं ते तीन आठवडे आधीच केलं असतं तर बरं झालं असतं. मी व्हर्नाबाईंकडे गेलो.

त्या गॅरेजमध्ये बर्फ ढकलायचं यंत्र उघडून बसल्या होत्या. हात काळे.

"ये, ऑर्विल. तो पाना दे."

मी पाना दिला. मग सगळं सांगितलं. पाट्या मोजल्याचंही सांगितलं. रामिरोचं सांगताना मला दोनदा थांबावं लागलं.

"थट्टा होती हे मला पहिल्याच दिवशी कळलं," त्या यंत्रात डोकं घालून म्हणाल्या.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

बाईंनी पाना खाली ठेवला. बराच वेळ चिंधीला हात पुसले.

"जळत होते मी. माझ्या ओळी लोकांच्या फ्रीजवर, आणि तुझ्या ओळींवर अख्खा बँड. म्हटलं, बुडू दे मेल्याला."

माझ्या आयुष्यात मला कुणी इतकी मोठी दाद दिली नव्हती. मी पार हलून गेलो.

"आता आपण दोघं नालायक एकत्र बसू," त्या म्हणाल्या. "खुलासा करायचा नाही. खुलासा कुणी गात नाही. गाणं आहे ना, ते पुढे वाढवायचं." आणि त्यांनी तेलकट बोटानं यंत्राच्या खोक्यावरच दोन ओळी लिहिल्या. मी एक शब्द सुचवला. तो त्यांनी खोडला.

शुक्रवारी लीजन हॉलमध्ये, म्हणजे माजी सैनिकांच्या सभागृहात, माशांच्या जेवणाला सगळा गाव असतो. डर्क होता, त्याची माणसं होती, बँड होता. ॲकॉर्डियन वाजवणारा गडी लहानपणी बारा वर्षं व्हर्नाबाईंच्या बसमधून शाळेत गेलेला, त्यामुळे बाईंनी नजर केली की तो अजून सरळ बसतो. स्तोत्राच्या चारही ओळी झाल्या, टाळ्या पडल्या. बाईंनी बोट फिरवलं, पुन्हा एकदा. बँडनं चाल पुढे नेली आणि बाई उभ्या राहून खड्या आवाजात गायल्या.

'बें बें बें करीत येऊ, मेंढरं आम्ही दोन हजार,
काप लोकर, लाव कुंपण, जोरात चालो तुझा बाजार.'

मीही उभा राहिलो. माझा आवाज भसाडा आहे, पण 'बें'ला तो चालतो. मग कोपऱ्यातून कुणीतरी मासा तोंडात असतानाच "बें" केलं. त्यानंतर थांबवणं कुणाच्या हातात राहिलं नाही. डर्कच्या टेबलावरची दोन माणसं सवयीनं गात सुटली होती, डर्कनं बघितल्यावर त्यांनी बटाट्यात तोंड घातलं.

डर्कनं हसून सोडून दिलं असतं तर तो तरला असता. पण त्यानं दुसऱ्या दिवशी जाहीर केलं की 'बें' म्हणणारे काउंटीचे शत्रू आहेत. मग काय विचारता. तो पेट्रोल भरायला थांबला की बें. चर्चमध्ये खोकला आल्यासारखं बें. त्याची पाटी दिसली की शाळेची सगळी बस बें करायची. शेवटी त्याच्या माणसांना सगळ्या पाट्या स्वतःच उपटाव्या लागल्या.

एकशे सदतीस मतांनी डर्क पडला. डर्कला मत देणारी माणसंही आमचीच, त्यातली निम्मी माझी विद्यार्थी, आणि वारं काही थांबलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. पण निकालानंतरच्या मंगळवारी तळघरात नऊ खुर्च्या भरल्या. रामिरोनं पुस्तक उघडलं आणि म्हणाला, "सिनेटर आठवतायत, सर. पुढचं घ्या." दोन जण आलेच नाहीत. मी कारण विचारलं नाही. मला ते माहीत होतं.

निकालानंतरच्या गुरुवारी मार्व्हनं पहिल्या पानावर अख्खं गाणं छापलं. सहाही ओळी, ठळक अक्षरात, चौकट करून. खाली लिहिलं होतं, 'कवयित्री: व्हर्ना क्लिंक. पहिल्या चार ओळी: अज्ञात.'

मी तडक मार्व्हला फोन लावला.

"ऑर्विल," आर्लीन पेपरातून मान वर न करता म्हणाली, "अज्ञात राहिलास तर आपल्याला या गावात राहता येईल."

तिकडून मार्व्हनं हॅलो म्हटलं. मी म्हटलं, चुकून लागला, आणि ठेवला.