पूर्णेतला पंख

त्रिवेणीनं छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, "विमानाचा पंख आणि माझी पोर, दोन्ही सांभाळते. तेही पूर्णा जंक्शनहून!"

जर्मनीच्या उल्रिकेबाईंना आणि बंगळूरच्या सरांना हे फारसं पटलं नव्हतं. दोन देशांचं संशोधन, आणि चाचणी सासरच्या मागच्या खोलीत! पहिले आकडे नीट आले तरच काम तिच्याकडं, नाही तर दुसऱ्या कुणाकडं.

तिनं छताच्या लोखंडी गर्डरला हातभर पंखाचा नमुना टांगला. समोरून टेबलफॅनचा वारा द्यायचा, पंख किती थरथरतो ते यंत्र मोजणार, आकडे थेट जर्मनीला.

"आत्या, ह्या पंखाला बोट लावू नका!"

"लावती कशाला? मला का उडायचंय?" सासूबाई, म्हणजे नागुबाई, म्हणाल्या.

आठवडा सरला नाही तोच उल्रिकेबाईंचा निरोप आला. वारा बंद असतानाही पंख हलतो! संथ, एका लयीत. मधेच थांबतो, पुन्हा सुरू होतो. असं जगात कुणी पाहिलेलं नाही!

त्रिवेणीचा आनंद गगनात मावेना, आणि गगन तर तिच्याच खात्यातलं. बंगळूरच्या सरांनी शोधनिबंध लिहायलाही घेतला.

"लय भारी!" नवरा शिवकांत म्हणाला. "आता जंक्शनला विमानबी थांबंल."

मग सगळ्यांची ऑनलाइन बैठक भरली.

"बघा, हलतोय!" उल्रिकेबाई स्क्रीनवर टाळ्या पिटू लागल्या. "अरे, थांबला!"

त्याच क्षणी भिंतीपलीकडच्या खोलीतून पोरीनं भोकाड पसरलं. जरा वेळानं ती गप्प झाली.

"पुन्हा सुरू!"

त्रिवेणी उठून पलीकडं गेली. नागुबाई तूर निवडत बसल्या होत्या. पायाच्या अंगठ्याला दोरी, दोरीच्या टोकाला झोळी, झोळीत पोर. आणि झोळी भिंतीतून आरपार आलेल्या त्याच गर्डरला!

"आत्या!"

"हळू बोल, आत्ताच निजलीय. पंखाला बोट लावलं न्हाई म्या. गर्डर का जर्मनीचाय?"

त्रिवेणीनं परत येऊन खरं ते सांगितलं. बंगळूरला शोधनिबंध मिटला, जर्मनीत टाळ्या थांबल्या.

"झोळी दुसरीकडं बांधा," सर म्हणाले.

"बांधून बघा की!" आतून नागुबाई कडाडल्या. "दुसरीकडं ही डोळा मिटत न्हाई!"

उल्रिकेबाईंनी तोडगा काढला. काम त्रिवेणीकडंच ठेवायचं, मात्र झोळी रिकामी असताना, म्हणजे बाळ जागं असतानाच चाचणी घ्यायची. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्रिवेणीनं तर सगळ्यांच्या आधी!

बाळ जागं असताना कडेवरून उतरत नाही, साधा फॅनसुद्धा लावू देत नाही, हे त्रिवेणीनं जर्मनीला अजून कळवलेलं नाही.