तीस सेकंदांची मालकी

कुलेब्रा चढणीवरच्या कुत्र्याला मालक नाही, ही गोष्ट तीन सप्टेंबरला सकाळी साडेदहा वाजता उघडकीस आली. त्याआधी अकरा वर्षं तो आमच्यात होता. पण ही उणीव कोणाच्या ध्यानात आली नव्हती. त्याच्याही नाही.

सकाळी तो नोल्फाबाईंकडे लोणी लावलेला पाव खाई, दुपारी बाल्दोमेरोकाकांकडे घेवड्याच्या रश्शातलं हाड चघळी, संध्याकाळी माझ्या दारात येऊन घसा खाकरी. अशी एकूण सात घरं त्याने लावून घेतली होती. प्रत्येक घरी त्याचं नाव वेगळं. नोल्फाबाई त्याला एर्नान म्हणत. हे त्यांच्या दिवंगत यजमानांचं नाव. बाल्दोमेरोकाका बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झालेले, ते त्याला अॅडमिरल म्हणत. मी त्याला चिटणीस म्हणत असे, कारण शेजारसमितीचा चिटणीस मी आहे आणि सभेत माझ्याखेरीज तेवढाच एक जागा असतो.

दर अठरा सप्टेंबरला, आमच्या देशाच्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत, तो बँडच्याही पुढे चाले. गेल्या वर्षी वर्तमानपत्रात छापलेल्या छायाचित्रात पुढे त्याचं शेपूट आणि मागे महापौर असा क्रम आला. त्यानंतर पालिकेत 'उत्तरदायी प्राणिधारणा कक्ष' स्थापन झाला. दोन्ही घटनांचा परस्परसंबंध नाही, असं पालिकेने लेखी कळवलेलं आहे.

कक्षाच्या अधिकारी यास्ना फॉर्म घेऊन आल्या, तेव्हा कुत्रा उन्हात पडला होता.

"मालक कोण?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांचाच आहे तो, पोरी," नोल्फाबाई म्हणाल्या.

"मावशी, 'सगळे' असा रकाना नाही."

"बरं, मग 'कोणाचाच नाही' असं लिही."

"त्याला रकाना नाही, गाडी आहे."

गाडी खाली वळणावर उभीच होती. जाळीची, निळी.

यास्नाबाई मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी आठवडाभराची मुदत दिली आणि एक पत्रक दिलं: 'आहारक्रीडांद्वारे श्वानाच्या मालककेंद्रित लक्षाची वृद्धी व पडताळणी'. पत्रकानुसार मुठीत खाऊ धरून हात बाजूला लांब करायचा. कुत्रा मुठीकडे बघतो, ती चाटतो, पंजा मारतो. त्याकडे दुर्लक्ष करायचं. शेवटी थकून त्याने आपल्या डोळ्यांत बघितलं, की मूठ उघडायची. हळूहळू त्याला उमगतं, की खाऊचा रस्ता मालकाच्या डोळ्यांतून जातो. ज्याच्या डोळ्यांत तो सलग तीस सेकंद बघेल, तो मालक.

त्याच दिवशी समितीची सभा झाली. नोल्फाबाई एकट्या राहतात, कुत्रा रात्री त्यांच्याच दाराशी निजतो, सबब मालक त्याच व्हाव्यात, असा ठराव एकमताने संमत झाला. सातही हात वर गेले. इतिवृत्त मीच लिहिलं आहे.

आणि त्याच संध्याकाळी सातही घरांच्या खिडक्या लागल्या व चढणभर सॉसेज तळल्याचा वास सुटला.

ह्यात लबाडी नव्हती. नोल्फाबाई ऐन वेळी नापास झाल्या तर कुत्र्याचं काय होईल, ह्या काळजीपोटी प्रत्येकाने खबरदारी म्हणून थोडा सराव घेतला, इतकंच. मी स्वतः काळीज आणि चीज वापरलं.

नोल्फाबाईंचा सराव मला भिंतीवरून दिसे. पहिले तीन दिवस कुत्रा मुठीला चिकटून होता.

"अरे, वर बघ ना मेल्या! तो एर्नानही असाच. अडतीस वर्षं माझ्याशी बोलला, पण डोळे कायम सुपाच्या वाटीत!"

चौथ्या दिवशी त्याने मान वर केली.  बाई मूठ उघडायचीही विसरल्या.

"तुझे डोळे पिवळे आहेत होय रे?" त्या हळूच म्हणाल्या. "अकरा वर्षांत मला पत्ताच नव्हता."

मी भिंतीवरून खाली उतरलो. खरं तर तिथेच हा विषय संपायला हवा होता.

परीक्षेत कुत्र्याने नोल्फाबाईंकडे एकतीस सेकंद बघितलं. यास्नाबाईंनी शिक्का उचलला, आणि बाल्दोमेरोकाका खोकले.

"केवळ तुलनेसाठी हं," म्हणत त्यांनी मूठ पुढे केली. कुत्र्याने त्यांच्याकडे चौतीस सेकंद बघितलं.

"अहो बाल्दोमेरो, लाज वाटते का?" नोल्फाबाई कडाडल्या. "सभेत हात वर केलात ना?"

"हात माझा वर होता, शेजारीणबाई. पण बघतोय तो. त्याला विचारा!"

मग तुलनेला आणखी पाचजण उभे राहिले. मीही, केवळ बरोबरी राखायला. सगळे पास.

यास्नाबाईंनी नियम दोनदा वाचला. "एका कुत्र्याला एकच मालक. इथे मालक सात सिद्ध झालेत. म्हणजे कुत्री सात."

"पण समोर एकच आहे!" नोल्फाबाई म्हणाल्या.

"मावशी, समोर काय आहे ते संगणक बघत नाही."

सात कुत्री नोंदली गेली. सात प्रमाणपत्रं मिळाली, आणि प्रत्येक प्रमाणपत्रावर महिन्याला कुत्र्याच्या खाद्याची एक पिशवी. हा पिशव्यांचा मुद्दा आम्हाला आधी ठाऊक नव्हता. नंतर मात्र विसरता आला नाही.

पुढच्या मंगळवारी लसीकरण होतं. कुत्रा पहिल्यांदा एर्नान म्हणून आणि दुसऱ्यांदा अॅडमिरल म्हणून सुई टोचून घेऊन आला. तिसऱ्यांदा मी त्याला पुढे करणार, तोच नोल्फाबाई मध्ये उभ्या राहिल्या. "जनावर आहे ते! शाईचं पॅड नव्हे, येईल त्याने ठोकायला." त्यामुळे उरलेली पाच कुत्री गैरहजर लागली. चौकशी झाली. अॅडमिरलच्या जागी एर्नानलाच टोचल्याचं निष्पन्न झालं, म्हणून तोही गैरहजर धरला गेला. सहा कुत्री बेपत्ता. टाकून दिल्याचा संशय मालकांवर.

पालिकेने तत्परता दाखवली. दोन दिवसांत निळ्या गाडीने इतर टेकड्यांवरून सहा कुत्री धरून आणली. ती आमचीच आहेत का, ह्याची रीतसर पडताळणी झाली. आम्ही मुठी पुढे केल्या. त्या बिचाऱ्यांनी दोन दिवस काही खाल्लेलं नव्हतं. त्यांनी आमच्या डोळ्यांत असं बघितलं, की बाल्दोमेरोकाकांचे डोळे भरून आले.

"हाच माझा अॅडमिरल!" ते म्हणाले. तो अॅडमिरल मादी होती.

आता कुत्री खरोखरच सात झाली. कागदावरच्या कुत्र्यांना मर्यादा नव्हती, पण खरी कुत्री नियमानुसार एका चढणीवर सहाच. एक जास्तीचं ठरवायला फेरपरीक्षा झाली: ज्याचं लक्ष सर्वांत कमी, ते जास्तीचं.

सहा भुकेली कुत्री खांबासारखी बघत राहिली. आमचा म्हातारा कुत्रा मात्र दोन आठवडे सात घरची सॉसेजं खाऊन तुडुंब भरला होता. नोल्फाबाईंनी मूठ धरली. त्याने ती हुंगली, एक जांभई दिली आणि त्यांच्या सपातेवर मान टाकून तो झोपी गेला.

"शून्य सेकंद," यास्नाबाई हळू आवाजात म्हणाल्या.

"अगं, पायावर झोपलाय तो माझ्या!"

"तो रकाना नाही, मावशी."

गाडीचं दार उघडलं. मग यास्नाबाई आम्हा सहांकडे वळल्या. "तुमच्यापैकी एकाने प्रमाणपत्र परत केलं, तर आकडा सहावर येईल. म्हातारा राहील. आणलेल्यांपैकी एकाला त्याच्या टेकडीवर सोडून येऊ. आहे कोणी?"

हे विचारताना त्यांच्या उजव्या हातात वाटपासाठी आणलेली खाद्याची पिशवी होती. आम्ही कोणीही पिशवीकडे बघितलं नाही. सहाही जण यास्नाबाईंच्या डोळ्यांत बघत राहिलो. पापणी न हलवता. तीस सेकंदांहून कितीतरी जास्त.

नोल्फाबाईंनी वाट बघितली, मग वाकून कुत्र्याला जागं केलं. "चल रे. पलीकडच्या टेकडीवर माझ्या बहिणीची गल्ली आहे. तिथे दोनच कुत्री आहेत." तासाभरात दाराला कुलूप लागलं.

अठरा तारखेला मिरवणूक निघाली. आम्ही सहाजण कडेला ओळीने उभे होतो. प्रत्येकाजवळ साखळीला एक कुत्रं, प्रत्येक कुत्रं मालकाच्या डोळ्यांत बघणारं. बँडच्या पुढे म्हातारा चालत होता. त्याच्या मागे नोल्फाबाई, त्यांच्या मागे महापौर. म्हातारा जवळ आला तसे आमचे सहाही हात आपोआप लांब झाले. मुठींत सॉसेज, काळीज, चीज. तो एकाकडेही न बघता पुढे गेला.

इतिवृत्तात मी लिहिलं आहे, की प्रमाणपत्र कोण परत करतं असं यास्नाबाईंनी विचारलं तेव्हा हात वर करण्याची संधी चिटणिसाला मिळाली नाही, कारण त्याचा उजवा हात लिहिण्यात गुंतला होता. डाव्या हाताबद्दल सभेत कोणी विचारलं नाही.

तुम्हीही विचारलं नाहीत. शेवटी काहीतरी हाती लागेल, ह्या आशेने तुम्ही इतका वेळ सरळ माझ्याकडे बघत बसला आहात. लक्ष चांगलं आहे. मूठ रिकामी आहे.