सरांची आरोळी

कराटेच्या सरांनी लाथ उचलली आणि ती कमरेपाशीच अडकली. वर जाईना, खाली येईना. समोर पट्टे बांधलेले विद्यार्थी डोळे फाडून बघत होते. "याला म्हणतात संयम," असं सांगून सरांनी भिंत धरली आणि स्वतःची तंगडी स्वतःच्याच हातांनी उतरवून ठेवली.

वरच्या पट्ट्याची परीक्षा जवळ आली होती. कमरेपायी ती दोनदा हुकली होती, आणि यंदा हुकली की वयाच्या अटीपायी कायमची गेली असती.

त्यांची बायको पिलाटेस शिकवायची. चटईवर आडवं व्हायचं, पोट आत ओढायचं आणि सगळं सावकाश करायचं. सर इतकी वर्षं त्याला 'लोळायचा क्लास' म्हणत आले होते. पण गरजवंताला अक्कल नसते.

"अगं, मीही येऊ का... लोळायला?"

"या. मागच्या रांगेत. आणि तिथे सरपणा चालणार नाही."

पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, "पाय वर, आणि श्वास सोडा." सरांनी जन्मभर श्वास एकाच पद्धतीने सोडला होता.

"हाय्याऽऽ!"

शेजारच्या आजी व्यायामाच्या मोठ्या चेंडूवरून घरंगळल्या. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर बोट धरून जिना चढून आले.

"कोण ओरडलं? पेशंटनं दचकून जबडा मिटला हो! माझं बोट आत होतं!"

"सवय आहे," सर ओशाळून म्हणाले.

"मग मोडा! नाहीतर हा क्लासच बंद करायला लावतो."

"अहो, गरम दुधावर फुंकर घालतो ना, तसा सोडायचा श्वास," बायकोने समजावलं. क्लासवर गदा नको म्हणून सर नेटाने शिकले. हळूहळू कंबर मोकळी झाली. बुटाची नाडी खाली वाकून बांधता येऊ लागली, पलंगावरून उठताना 'आई गं' निघेनासं झालं. हे बायकोला सांगावं असं त्यांना रोज वाटे, पण तोंड उघडलं की निघायचं, "चहा झाला का?"

पण कंबर आली आणि आरोळी गेली. ठोसा मारला की तोंडातून नुसतं 'फूऽ'. "सर, मेणबत्ती विझली," मागून कुणीतरी म्हणालंच. परीक्षेत आरोळीशिवाय गुण नाहीत. नळ सोडून बाथरूममध्ये सराव केला, तरी फूच.

परीक्षेच्या दिवशी सर सुरेख फिरले, सुरेख वळले. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं.

"हालचाल उत्तम. पण आवाज कुठाय? शेवटची लाथ पुन्हा मारा. एकच संधी."

मागच्या बाकावर बायकोचा चेहरा एवढासा झाला होता. हे आपल्यामुळेच झालं, असं ती मानून बसली होती. सरांनी ते पाहिलं. त्यांनी लाथ उचलली. ती छातीच्या वर, खांद्याच्या वर, थेट डोक्याच्या वर गेली आणि सभागृह दणाणलं.

"थँक्यूऽऽऽ!"

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला.

"हा आवाज कुठल्या शैलीतला म्हणायचा?"

"घरचा आहे, सर."

"पोटातून आला?"

"अगदी तळातून."

"मग पास," म्हणत परीक्षकांनी पट्टा पुढे केला. बायको डोळे पुसत होती. पण पट्टा घेताना सर छाती काढून उभे राहिले, तेव्हा तिला राहवलं नाही.

"अहो, खांदे खाली!"

सरांनी मुकाट्याने खांदे खाली घेतले. परीक्षकांनीही घेतले.